निवडणूकच नाही, मग उभं कुठे राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मुलगा तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात एस.वाय.बी.ए.ला आहे. त्याला विद्यार्थी निवडणुकीत उतरायचंय. एका संघटनेची मुलं ‘तालुका उपाध्यक्ष करतो’ म्हणतात. घरचे म्हणतात, अभ्यासाचं वाटोळं होईल. सुरुवात कुठून करायची आणि खर्च किती येतो, एवढंच त्याला हवंय.

मी स्वतः महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत बसलेय, पुढे एकोणीस वर्षं शिकवतेय, त्यातली आठ विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून गेली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. वयाने बरीच मोठी आहे, एकेरीच लिहिते.

आधी वाईट बातमी. तू ज्या निवडणुकीत उतरायचं म्हणतोयस ती होतच नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात, कलम 99 मध्ये, थेट निवडणूक लिहिलेली आहे: महाविद्यालयाच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, शिवाय वर्गावर्गाचा एकेक. सगळे विद्यार्थ्यांच्या मताने. कायदा मार्च 2017 पासून लागू झाला, 2018 मध्ये निवडणुकीचे नियम आले. पॅनेल नाही, पक्षाचं चिन्ह नाही, मिरवणूक नाही. 2019-20 ला पहिली निवडणूक घ्यायची ठरली. आमच्याकडे मतपेट्या कुठून आणायच्या इथपर्यंत बोलणी झाली होती. मग ऑक्टोबर 2019 मध्ये विधानसभा आली म्हणून पुढे ढकलली, आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. त्यानंतर गाडी तिथेच उभी आहे. माझ्या पाहण्यातल्या महाविद्यालयांत परिषद होते ती नेमणुकीने: प्राचार्य नावं ठरवतात, शिपाई वर्गात येऊन वाचून दाखवतो.

त्यामुळे तुझा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. मतपेटी नसताना, मागे कुणी नसताना, आपण चार पोरांच्या वतीने बोलतोय हे कशावरून ठरायचं? याचं उत्तर सापडलं तर उद्या निवडणूक लागली तरी तू तयार असशील, आणि नाही लागली तरी काही बिघडणार नाही.

माझ्या स्वतःच्या मताची गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का म्हणते ते कळेल.

1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. निवडणुकीच्या दिवसांत हाणामाऱ्या तर राज्यभर चालायच्या. सरकारने पुढे थेट निवडणुका बंद केल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वेगळीच पद्धत आणली: आदल्या परीक्षेत जो वर्गात पहिला तो वर्ग प्रतिनिधी. त्यात एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ, सांस्कृतिक अशी प्रत्येकी एक आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. तोच जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी. हेतू चांगला होता, हुशार मुलं येतील, गुंडगिरी थांबेल. झालं असं की दोन हजार मुलांच्या महाविद्यालयात मतदार उरले पंधरा. दोन हजारांना विकत घेता येत नाही, पंधरांना घेता येतं. त्यातले आठ तर पुरेच.

सन 2000. एफ.वाय.ला मी वर्गात पहिली आले होते, म्हणून मत आलं. त्या वर्षी जी.एस.साठी दोघं उभे होते, एक साखर कारखान्याच्या संचालकाचा पुतण्या, दुसरा विरोधी गटातल्याचा भाचा. मतदानाआधी तीन दिवस मुलांपैकी सहा जण वर्गातून गायब झाले. ट्रॅक्समध्ये घालून त्यांना गणपतीपुळ्याला नेलं होतं, जेवण-खाण, समुद्र, सगळी चैन. आपल्याला पळवलंय हेही त्यातल्या दोघांना परत आल्यावर कळलं.

मुलींना असं नेता येत नसे. मुलींच्या घरी जायचे. आमच्याकडे रात्री साडेआठला जीप आली. आईने चहा टाकला. आबा ओट्यावर बसले होते. आलेल्यांनी निवडणुकीचं नावही काढलं नाही, पहिली दहा मिनिटं पावसावर गेली. मग एक जण म्हणाला, “यंदा तोडीचं काय करताय आबा? गेल्या साली लई उशीर झाला म्हनं.” दीड एकर ऊस होता आमचा, आणि गेल्या साली तोड एवढी लांबली की निम्मा वाळून गेला होता. “तोडीचं आम्ही बघतो. पोरीचं तेवढं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

ती माणसं गेल्यावर आबा आत आले. मला म्हणाले, “मत तुझं हाय. पर ऊस घरचा हाय.”

मी संचालकाच्या पुतण्यालाच मत दिलं. तो आठ विरुद्ध सात असा एका मताने आला. डिसेंबरात आमच्या उसाला तोड मिळाली.

हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाहीये. मला टोचलं ते वेगळंच. मतदान झाल्यावर मी वर्गात गेले. अठ्ठ्याऐंशी पोरं-पोरी होती. मी त्यांची प्रतिनिधी, त्यांच्या वतीने मत टाकून आले होते. एकानेही विचारलं नाही, कुणाला दिलंस. का विचारतील? त्यांनी मला पाठवलंच नव्हतं. मला माझ्या मार्कांनी पाठवलं होतं. प्रतिनिधी होते, पण मागे कुणीच नव्हतं, म्हणून तर जीप सरळ आमच्या दारात येऊ शकली. अठ्ठ्याऐंशी जण सकाळी ‘काय गं, काय ठरलं?’ असं विचारणार असते, तर आबांनाही म्हणता आलं असतं की पोरीच्या हातात नाही ते.

आज तुला जे पद देतो म्हणतायत, मग ते प्राचार्यांनी नेमलेलं असो की संघटनेने दिलेलं, ते याच जातीचं आहे. ज्याने दिलं त्याला उत्तर द्यावं लागतं. पद घेऊच नकोस असं म्हणत नाही. पण त्याआधी तुला विचारणारी माणसं तयार कर. ते पद नसतानाही जमतं, उलट पद नसताना जास्त बरं जमतं.

आता कसं, ते सांगते. हे गाव, महाविद्यालय आणि प्राचार्य यांच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. शहरातल्या स्वायत्त महाविद्यालयात अर्ज ईमेलने जातात, तुमच्याकडे कदाचित प्राचार्यांच्या केबिनबाहेर दीड तास उभं राहावं लागेल. मी माझ्यासारख्या महाविद्यालयांपुरतं बोलते.

पहिलं काम फुकटचं. प्रवेश घेताना मिळालेली फीची पावती शोध. त्यावर शिकवणी शुल्काशिवाय बारीक बारीक रकमा असतात: जिमखाना, स्नेहसंमेलन, ग्रंथालय, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण, नियतकालिक. दहा-वीस-पन्नास रुपयांच्या ओळी असतात म्हणून कुणी वाचत नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर लिही, याचं मला काय मिळालं. नियतकालिकाचे पैसे घेतले आणि अंक दोन वर्षांत निघाला नाही, ओळखपत्राचे घेतले आणि दिवाळी झाली तरी कार्ड नाही, असं काहीतरी सापडतंच. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक ‘मला काहीतरी करायचंय’वाल्या मुलाला मी हेच काम देते. निम्मे परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी पुढचं बोलते.

दुसरं काम अर्ज लिहिण्याचं. इथे एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण सगळी विद्या यात आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी टी.वाय.बी.कॉम.चा एक मुलगा माझ्याकडे तावातावाने आला. शेवटचा तास पाच दहाला सुटायचा आणि त्यांच्या बाजूच्या गावांना जाणारी एसटी पाचला निघायची. पुढची पावणेसातला. हिवाळ्यात पावणेसात म्हणजे अंधार, म्हणून मुली शेवटचा तास रोज बुडवायच्या. पासचे पैसे भरलेले, बस डोळ्यांदेखत जायची. त्याला रास्ता रोको करायचा होता. ‘मॅडम, दोनशे पोरं आणतो.’

मी विचारलं, त्या बसने जाणारे किती? म्हणाला, लई आहेत. मी म्हटलं, लई म्हणजे किती ते लिहून आण.

चार दिवसांनी वहीचं पान घेऊन आला. गाववार नावं, पासचा नंबर, वर्ग. एकूण त्रेचाळीस, त्यात एकतीस मुली. दोनशे कुठेच नव्हते. पण त्रेचाळीस नावांचं ते पान दोनशेच्या घोषणेपेक्षा वजनदार होतं, कारण प्रत्येक नाव खरं होतं. आणि ते गोळा करताना तो त्रेचाळीस जणांशी बोलला होता. त्यातल्या निम्म्यांना तो आधी नावाने ओळखतही नव्हता.

मग अर्ज. त्याने पहिला लिहिला त्यात सहा मागण्या होत्या: बसची वेळ, थांब्यावर शेड, पाण्याची टाकी, कंडक्टरची भाषा, आणखी काय काय. मी पाच खोडल्या. सहा मागण्यांचा अर्ज साहेबाला आवडतो, कारण त्यातली सोपी एक मान्य करून फोटो काढता येतो. एकच मागणी ठेवली की हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. विषय एका ओळीत, परिस्थिती तीन ओळींत, मागणी एका ओळीत, खाली सह्या. सहीपुढे वर्ग, रोल नंबर, गाव.

पहिल्यांदा तो आगारात गेला आणि ‘साहेबांना देऊन आलो’ म्हणून परत आला. पोच घेतली नव्हती. दोन आठवड्यांनी गेला तर असा अर्ज कुणी पाहिलेलाच नव्हता. म्हणून हे पक्कं लक्षात ठेव: अर्जाच्या दोन प्रती. एक तिथे द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन परत आणायची. कारकून म्हणेल, ठेवून जा, काही होत नाही. हसत म्हणायचं, सर, पोरं विचारतात मला. आणि उभं राहायचं. शिक्का पडला की तिथेच मोबाइलवर फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा.

दुसऱ्यांदा पोच मिळाली आणि आगारप्रमुखांची भेटही. तिथे वेगळाच पेच निघाला. हीच बस पुढच्या गावच्या हायस्कुलातली मुलं उचलायची, ती पोरं पाचपासून फाट्यावर उभी असायची. आपली बस वीस मिनिटं पुढे गेली की ती लहान मुलं वीस मिनिटं रस्त्यावर. आमचा गडी तिथेच थंड पडला. पण परत आला नाही, सायकल काढून त्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांकडे गेला. त्यांनी सांगितलं, दहा-पंधरा मिनिटं चालतील, त्यापुढे नाही, आणि तसं पत्र दिलं. मग तो आमच्या प्राचार्यांकडे आला, शेवटचा तास पाच मिनिटं आधी सोडा म्हणून. पाच पाचला तास सुटायचा, पाच पंधराला बस. पाच आठवडे, आगाराच्या चार खेपा, शाळेची एक.

बसच्या काचेवर दगड पडला असता तर यातलं काय झालं असतं? वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असत्या आणि पोलीस ठाण्यात आठ नावं गेली असती.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या समितीत कुणाला घ्यायचं यावर शिक्षकांत चर्चा चालली होती, तेव्हा मुलांनीच सांगितलं, तो बसवाला असता तर बरं झालं असतं. तोपर्यंत तो पास होऊन गेला होता. त्याच्याजागी त्यांनी ज्या मुलीला पुढे केलं ती त्या पानावरच्या त्रेचाळिसांतली एक होती, सह्या गोळा करायला बरोबर हिंडलेली. तिला कुणी नेमलं नव्हतं. मी दहा वर्षांत पाहिलेली सगळ्यात स्वच्छ निवडणूक ती, आणि तिच्यात मतपत्रिकाच नव्हती.

तिसरं, जिथे विद्यार्थ्याची खुर्ची आधीपासून आहे तिथे बस. मुलांना या जागा माहीतच नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यासमोर विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण आलं तर तीन विद्यार्थी सदस्य असायला हवेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असायला हवेत. म्हणजे राज्यात विद्यार्थी परिषदेची निवडणूक नसली तरी ही एक निवडणूक नियमानेच सांगितलेली आहे. बऱ्याच ठिकाणी फलकावर नावं लावून मोकळे होतात. तुमच्या फलकावर ती तीन नावं आहेत का बघ. असतील तर त्यांना विचार, तुम्हाला कुणी निवडलं. त्यातल्या एखाद्याला स्वतःचं नाव तिथे आहे हे तुझ्याकडूनच कळेल. आमच्याकडे ही निवडणूक घ्यायचा विषय मी काढला तेव्हा ‘मॅडम, कशाला नवीन लचांड’ असं ऐकून घेतलं. घेतली. तास चालू असताना वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, पाऊण तासात झाली. कुणाचं डोकं फुटलं नाही.

तसंच तक्रार निवारण समितीचं. आयोगाच्याच 2023 च्या नियमांत तिथे विद्यार्थी प्रतिनिधीला विशेष निमंत्रित म्हणून जागा आहे आणि समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा आहे. त्यावर समाधान नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. महाविद्यालय विकास समितीतही विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवाला जागा कायद्यात आहे. तिथे अंदाजपत्रकाची चर्चा होते, चहा-बिस्किटं असतात, आणि मुलं गप्प बसून येतात. नेमणुकीने का होईना तिथे पोचलास तर एकच कर: बैठकीच्या आदल्या दिवशी वर्गात विचार ‘काय बोलू’, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांग ‘काय झालं’. एवढ्याने नेमणूक झालेला मुलगाही प्रतिनिधी होऊ शकतो. करणारे मी दोनच पाहिलेत.

एन.एस.एस.चं शिबिर आणि कमवा-शिका या दोन जागांबद्दल फार लिहीत नाही. माणसं ओळखायला यांच्यासारखी जागा नाही. सात दिवस एका गावात शोषखड्डे खणताना कोण काम करतं आणि कोण फोटोपुरतं फावडं धरतं ते सगळ्यांना दिसतं, आणि तू कुठल्यात आहेस तेही.

आता संघटना. अभाविप, एन.एस.यू.आय., एस.एफ.आय., छात्रभारती, युवासेना, मनविसे. तुझ्या भागात कोण जोरात आहे ते तुलाच ठाऊक. कुणात जा आणि कुणात नको हे मी सांगणार नाही. विचार पटत असेल तर जरूर जा. संघटनेत शिकायला मिळतं हे खरं: सभा कशी लावायची, प्रेसनोट कशी लिहायची, अधिकाऱ्यासमोर बसायचं कसं. एकटा मुलगा हे चार वर्षांत शिकतो, संघटनेत सहा महिन्यांत. पण आल्या आल्या तालुका उपाध्यक्ष? अरे, तालुक्यात उपाध्यक्ष किती आहेत ते तरी विचारलंस का? आमच्याकडे एकदा एकाच वर्गात तीन तालुका उपाध्यक्ष निघाले होते, एकाच संघटनेचे.

माझा सल्ला असा: तीन महिने पद न घेता त्यांच्या बरोबर हिंड. तीन गोष्टी बघ. आंदोलन कधी करायचं हे इथली मुलं ठरवतात की वरून फोन येतो? परीक्षेच्या महिन्यात त्यांची मुलं कुठे असतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुन्हा दाखल झाला तर तारखांना बरोबर कोण येतं? फ्लेक्सवर फोटो असलेला नेता येतो का, की ज्याचं नाव एफ.आय.आर.मध्ये आहे तो पोरगा एकटाच कोर्टाच्या पायरीवर बसलेला असतो?

गुन्ह्याचं जरा जपून ऐक, कारण तुमच्या वयात हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे सणासुदीला, मोर्चांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत परवानगीशिवाय जमाव जमवला की आदेशभंग. भारतीय न्याय संहितेत बेकायदा जमावासाठी कलम 189 आहे, सरकारी आदेश मोडल्याबद्दल 223. वकील म्हणतात, किरकोळ आहे, सुटेल. सुटतंही. पण तुझ्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी ग्राउंडवर पोलीस भरतीसाठी पळतात. तिथे चारित्र्य पडताळणी असते. केस असण्यापेक्षा लपवलेली केस जास्त महागात पडते. म्हणून आंदोलन करायचंच असेल, आणि कधीकधी करावंच लागतं, तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळव, त्याचीही पोच घे, आणि भरतीची तयारी करणाऱ्याला पुढच्या रांगेत उभं करू नकोस. त्याला सह्या गोळा करायला लाव.

घरच्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, फक्त कारण चुकीचं सांगतायत. सभा, अर्ज, खेपा यात आठवड्याला चार-पाच तास जातात, जास्त नाही. वेळ खातो तो कट्टा. अर्ज देऊन आल्यावर तिघांनी दुपारी चहाच्या टपरीवर ‘साहेबाला कसा गप्प केला’ यावर अडीच तास बसायचं, मग रात्री ग्रुपवर तेच. ए.टी.के.टी. लागलेली माझी सगळी कार्यकर्ती मुलं टपरीवर नापास झाली. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर नापास मुलाचा अर्ज प्राचार्यांना परत करायला फार सोपा जातो. ‘आधी स्वतःचे विषय काढ’ म्हटलं की संपलं. हजेरी आणि निकाल स्वच्छ ठेव, म्हणजे ते हत्यार त्यांच्या हातात राहत नाही.

खर्चाचं विचारलंस. दोन प्रतींची झेरॉक्स, एसटीचं तिकीट, फार तर माहिती अधिकाराच्या अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अनुदानित महाविद्यालयाला माहिती अधिकार लागू आहे, जिमखान्याच्या निधीचा हिशेब मागता येतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण हे शेवटी वापर. आधी तोंडी, मग अर्ज, मग माहिती अधिकार. पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकणाऱ्याशी कार्यालयातलं कुणी पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही. आणि यापेक्षा जास्त पैसे कुणी तुझ्यावर खर्च करायला निघाला, टी-शर्ट, जेवण, गाडी, तर ती जीप आमच्या दारात आलेलीच जीप आहे असं समज.

इथवरची गोळाबेरीज एवढी: पावती वाच, एक प्रश्न निवड, नावं मोज, एक मागणी लिही, पोच घे, आणि प्रत्येक खेपेनंतर वर्गात येऊन सांग. पद आलं तर यानंतर घे. संघटना तीन महिने बघून घे.

थेट निवडणूक अनुभवायचीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, एम.ए.ला बाहेर पड. दिल्ली, हैदराबाद इथल्या केंद्रीय विद्यापीठांत विद्यार्थी स्वतः मत टाकतात. तिथे विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे नियम लागतात, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केलेले: उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर बंद, हाताने रंगवलेलीच, तीही ठरलेल्या भिंतीवर, 75 टक्के हजेरी, पदवीला वय 17 ते 22, पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी आयुष्यात एकदाच उभं राहायचं. कागदावर उत्तम आहे. दिल्ली विद्यापीठात 2024 मध्ये पोस्टरांनी भिंती इतक्या रंगल्या की उच्च न्यायालयाने मतमोजणी थांबवली. मतदान 27 सप्टेंबरला, भिंती साफ झाल्यावर निकाल थेट 25 नोव्हेंबरला. उलट जेएनयूत निवडणूक विद्यार्थ्यांचीच समिती चालवते आणि अध्यक्षपदाचे उमेदवार रात्री भर मैदानात एकमेकांना प्रश्न विचारतात. माझा एक विद्यार्थी तिथे शिकायला गेला होता. फोनवर म्हणाला, “मॅडम, मेसमध्ये पोरं जेवत असतात आणि आपण टेबलाजवळ उभं राहून बोलायचं. वरण वाढून घेताना एक मुलगी वळून म्हणाली, गेल्या वर्षी तुमच्याच पॅनेलने हे म्हटलं होतं, झालं का? हातातला कागद गळाला माझ्या.” त्याची हिंदी मराठी वळणाचीच होती, त्याने काही अडलं नाही. त्याला अडलं ते उत्तर नसल्याने.

दुसरी वाट इथलीच, पण पदवीनंतरची. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर दहा जण निवडून देतात. पसंतीक्रमाने मतदान असतं: एक, दोन, तीन. मुंबई विद्यापीठात सप्टेंबर 2024 मध्ये झाली, दहाच्या दहा जागा युवासेनेच्या ठाकरे गटाने घेतल्या. ही निवडणूक मतदानाच्या दिवशी जिंकत नाहीत. ती मतदार नोंदणीच्या महिन्यात जिंकतात, पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि अर्ज घेऊन घरोघर फिरून. पदवीधर असून नोंदणी न केलेले तुझ्या घरात, गल्लीत, शाळेतल्या शिक्षकांत भरपूर सापडतील. विद्यापीठ नोंदणीची सूचना काढेल तेव्हा त्यांचे अर्ज भरायला मदत कर. कुणासाठी, ते नंतर ठरव.

पहिला अर्ज कुणाला द्यायचा ते मी सांगू शकत नाही, ते तुझ्या पावतीवर आहे. फक्त एक बारीक गोष्ट: आमच्या कार्यालयात आवक-जावकची खिडकी दीड ते दोन बंद असते आणि शनिवारी शिक्का कपाटात असतो. तुमच्याकडे कधी असतो ते आधी बघून ठेव, नाहीतर त्रेचाळीस सह्या हातात घेऊन बंद खिडकीसमोर उभा राहशील.